घड्याळाने मांडलेला डाव

गेल्या मे महिन्यात माझा भाचा सुट्टीला आला, तेव्हा त्याच्या पिशवीत एक शंभरपानी वही होती. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ब्राउझरमध्ये अनेकांनी मिळून खेळायचा, आपल्या मुलखातला एक खेळ त्याला तयार करायचा आहे. वही त्याने मला वाचायला दिली. पहिल्या पानावर चार जिन्नस होते : लाकूड, माती, लोखंड आणि धान्य. दुसऱ्या पानावर इमारती आणि त्यांच्या पायऱ्या, तिसऱ्यावर सैन्य. चौथ्या पानावर कोणती इमारत बांधायला किती तास लागतील, याचा तक्ता. किल्ल्यांची नावे तेवढी आपली होती.

मी म्हणालो, "अरे, हा खेळ मी वीस वर्षांपूर्वी खेळलोय. तेव्हा यात रोमन होते."

तो ओशाळला नाही. त्याने सरळ विचारले, "मामा, याच्याशिवाय असतो का असा खेळ?"

त्या प्रश्नाला मला लगेच उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर. मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. पोटासाठी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिले. संगणकाची भाषा पुस्तकांतून आणि स्वतःच्या चुकांतून शिकलो. पण या खेळांवर मी अनेक वर्षे टिपणे काढत आलो आहे. त्यांवरून माझे मत असे झाले आहे, की ब्राउझरमधल्या सामूहिक खेळांची रचना जिथे थांबली, तिथे ती कल्पनाशक्ती आटल्यामुळे थांबलेली नाही. एका काळच्या अडचणीवर शोधलेला तोडगा अडचण संपल्यावरही राहिला, कारण तोवर त्याची किंमत लावता येऊ लागली होती.

एक लाइन, एक माणूस

गोष्ट वेबच्या आधीपासून सुरू होते. फेब्रुवारी १९७८ मध्ये शिकागोत वॉर्ड ख्रिस्तेन्सन आणि रँडी स्यूस यांनी घरगुती संगणकाला मोडेम जोडून एक सूचनाफलक सुरू केला. बाहेरच्या माणसाने फोन लावायचा, निरोप वाचायचे, आपला निरोप ठेवायचा आणि फोन ठेवून द्यायचा. पुढच्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेत असे हजारो फलक उभे राहिले. बहुतेक हौशी लोकांच्या घरात चालत आणि त्यांना फोनची एकच लाइन असे. एक जण आत असेपर्यंत बाकीच्यांना लाइन लागत नसे.

या फलकांवर खेळ आले. 'ट्रेडवॉर्स', 'लेजंड ऑफ द रेड ड्रॅगन', अमित पटेल यांचा १९९० चा 'सोलर रिल्म्स एलीट' ही त्यांतली गाजलेली नावे. सगळ्यांपुढे पेच एकच होता. एकाने रात्रभर लाइन अडवली तर बाकीचे खेळणार कधी? त्यावर तोडगा निघाला तो रोजच्या चालींचा. आज तुला इतक्याच चाली. त्या संपल्या की उद्या ये. गावातल्या सार्वजनिक नळावर पाणी कमी असले की 'घरटी दोन हंडे' ठरते, तसाच हा नियम. तो न्यायाचा होता आणि सगळ्यांना पटणारा होता.

त्यातून नकळत आणखी एक गोष्ट घडली. दोन खेळाडू एकाच वेळी आत असूच शकत नव्हते, त्यामुळे लढाई नेहमी गैरहजर माणसाशी व्हायची. 'रेड ड्रॅगन'मध्ये तुम्ही दिवस संपवून झोपलात, की पुढे येणारा तुमच्या झोपलेल्या पात्रावर वार करू शकत असे. अनेकांनी मिळून खेळायचा खेळ, आणि तरी कोणी कोणाला भेटत नाही, ही रचना इथे घडली.

खिडकीमागचा कारकून

१९९० नंतर वेब आले. फोनची एक लाइन ही अडचण सरली. तिच्या जागी दुसरी आली. वेबचा मूळ व्यवहार पोस्टाच्या खिडकीसारखा आहे. तुम्ही खिडकीशी जाऊन मागणी करता, आतला कारकून कागद देतो आणि तुम्हाला विसरतो. तो आपणहून तुम्हाला हाक मारत नाही. तुमच्या राज्यावर हल्ला झाला, हे तुम्ही पान पुन्हा उघडाल तेव्हाच कळणार. अशा व्यवस्थेत हातघाईचा खेळ जमणे कठीण.

मग खेळ रचणाऱ्यांनी फलकांवरचाच नियम उचलला. मेहुल पटेल यांचा 'अर्थ २०२५' १९९६ मध्ये आला. त्यात ठरावीक वेळाने चाली जमत आणि त्या खर्चायच्या असत. १९९९ च्या 'युटोपिया'त दर तासाला सर्व्हर एक ठोका द्यायचा आणि त्या ठोक्यावर सगळ्या राज्यांचे पीक, सैन्य, खजिना पुढे सरकायचा. खेळाडू काहीही करोत, घड्याळ चालत राहायचे.

या पायावर जर्मनीत तीन मोठे खेळ उभे राहिले : २००२ मध्ये 'ओगेम', २००३ मध्ये 'डी श्टेमे', जो इंग्रजीत 'ट्रायबल वॉर्स' म्हणून गेला, आणि २००४ मध्ये 'ट्रॅव्हियन'. 'ओगेम'मध्ये धातू, स्फटिक आणि ड्यूटेरियम. 'ट्रायबल वॉर्स'मध्ये लाकूड, माती, लोखंड. 'ट्रॅव्हियन'मध्ये त्याच तिघांच्या जोडीला धान्य. भाच्याच्या वहीचे पहिले पान वीस वर्षांपूर्वीच लिहून झाले होते.

या खेळांचे पोट समजून घ्यायचे तर थोडा हिशेब करावा लागेल. 'ओगेम'मधली धातूची खाण घ्या. मूळ सूत्रानुसार पहिल्या पायरीला ६० धातू लागतो आणि पुढची प्रत्येक पायरी आधीच्या दीडपट महाग होते. उत्पन्न मात्र इतके भराभर वाढत नाही. दहाव्या पायरीचा खर्च साधारण २,३०० धातू; दहाव्या पायरीवरची खाण तासाला साधारण ७८० देते. म्हणजे तीन तासांची कमाई. विसाव्या पायरीला साधारण १,३३,००० धातू लागतो आणि खाण देते तासाला ४,०००. म्हणजे तेहतीस तासांची कमाई. खर्च जवळजवळ अठ्ठावन्नपट झाला आणि उत्पन्न पाचपट.

बुद्धिबळाच्या पटावर घराघरात दुप्पट धान्य मागणाऱ्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. इथे दुपटीऐवजी दीडपट आहे, एवढाच फरक. या गणिताला कधीतरी भिंत लागणार, आणि ती भिंत म्हणजे वाट पाहणे. सुरुवातीला पाच मिनिटे, मग तास, मग दिवस. खेळाडूला वाटते आपण साम्राज्य वाढवतो आहोत. प्रत्यक्षात वाढत असते ती प्रतीक्षा.

नऊ दिवस

मीही असा एक खेळ दोन वर्षे खेळलो. कोणता, ते सांगत नाही; जे झाले त्याचा दोष त्या एका खेळाचा नव्हता. शत्रूचे सैन्य पहाटे पोचणार असेल, तर आपले त्याआधी गावाबाहेर काढायचे, म्हणून मी तीन वाजून दहा मिनिटांचा गजर लावायचो. पहिल्या दिवशी बायकोने विचारले, "कुठली गाडी गाठायचीय?" नंतर तिने विचारणे सोडून दिले.

२००६ च्या पावसाळ्यात वडील नऊ दिवस रुग्णालयात होते. रात्री त्यांच्याजवळ मीच असे. चौथ्या रात्री, सलाईनची बाटली संपायला अजून किती वेळ आहे याचा अंदाज घेऊन, मी समोरच्या सायबर कॅफेत गेलो. वीस मिनिटांत परत आलो. वडील जागे होते. त्यांनी फक्त, "चहा मिळाला का?" एवढे विचारले. मी हो म्हणालो.

त्या रात्री मला शरम वाटली, पण खेळ सुटला नाही. पुढचे पाच दिवस जाता आले नाही आणि परतलो तेव्हा माझी सातपैकी पाच गावे उजाड झाली होती. गटातल्या एकाने निरोप ठेवला होता : जाण्याआधी खाते कोणाकडे तरी सोपवून जायला हवे होते. त्यात राग नव्हता. त्या खेळाच्या दृष्टीने तो शहाणपणाचाच सल्ला होता.

मी वही काढून हिशेब मांडू लागलो तो त्यानंतर. दुसऱ्याचे पैसे कुठे जातात हे शोधणे माझे रोजचे काम होते. माझे तास कुठे जातात, हे मी पहिल्यांदाच शोधत होतो.

प्रतीक्षेला भाव

तो शोध आधी मला पैशापाशी घेऊन गेला. हे खेळ फुकट होते आणि सर्व्हरचा खर्च तर होता. विकण्याजोगे काय होते? प्रतीक्षा तर प्रत्येक खेळाडूजवळ होती. 'ट्रॅव्हियन' आणि 'ट्रायबल वॉर्स'मध्ये पैसे भरले की पुढच्या बांधकामाची रांग लावून ठेवता येऊ लागली. म्हणजे पहाटे उठायची गरज थोडी कमी झाली. जो नियम फोनच्या एका लाइनवर सगळ्यांना न्याय मिळावा म्हणून आला होता, त्यातून सुटण्याची आता किंमत ठरली. नळावरचे 'घरटी दोन हंडे' तसेच राहिले. फक्त तिसरा हंडा विकायला आला.

जून २००९ मध्ये फेसबुकवर 'फार्मव्हिल' आला आणि हीच रचना घराघरात पोचली. स्ट्रॉबेरी चार तासांत तयार व्हायची आणि वेळेत काढली नाही तर वाळून जायची. वर्षभराच्या आत महिन्याला आठ कोटींहून अधिक लोक ती शेती करत होते. शेजारी होते, पण त्यांचा उपयोग भेटवस्तू मागण्यापुरता.

त्यावर टीका म्हणून अमेरिकेतले अभ्यासक इयन बोगोस्ट यांनी जुलै २०१० मध्ये 'काऊ क्लिकर' केला. एक गाय. दर सहा तासांनी तिच्यावर एकदा टिचकी मारायची. बस. थांबायचे नसेल तर पैसे भरायचे. ही चेष्टा होती, पण हजारो लोक ती मनापासून खेळू लागले. शेवटी सप्टेंबर २०११ मध्ये बोगोस्ट यांनी सगळ्या गाई नाहीशा केल्या. पडद्यावर गाय जिथे उभी असायची ती जागा तेवढी रिकामी राहिली. तरी काही लोक त्या रिकाम्या जागेवर टिचक्या मारत राहिले. या साऱ्या प्रकारावर याहून बोलके भाष्य मला दुसरे सापडलेले नाही.

दार उघडले, पण

त्याच वर्षी तंत्राची भिंत पडली. २०११ मध्ये वेबजीएलमुळे ब्राउझरला त्रिमिती चित्रे काढता येऊ लागली आणि डिसेंबरात वेबसॉकेटचे प्रमाण ठरले. आता खिडकीमागचा कारकून तुम्हाला हाक मारू शकत होता. सर्व्हर आणि ब्राउझर यांच्यातला दुवा उघडा राहू लागला. ठोक्याची गरज उरली नव्हती.

त्याचे फळ एप्रिल २०१५ मध्ये दिसले. ब्राझीलच्या मॅथेउस व्हालादारेस यांनी 'अगार डॉट आयओ' केला. तुम्ही एक गोल. लहानांना गिळायचे, मोठ्यांपासून पळायचे. नोंदणी नाही, प्रतीक्षा नाही, आणि समोरचा माणूस याच क्षणी तिथे आहे. पुढच्या वर्षी 'स्लिदर डॉट आयओ'मध्ये गोलाचा साप झाला. मग त्याच नावाच्या शेपटीचे कितीतरी खेळ आले. खा, वाढा, मरा, यादीत नाव पाहा, मधे जाहिरात पाहा, पुन्हा सुरू. एक साचा मोडला आणि काही वर्षांतच त्याच्या जागी दुसरा साचा बसला.

असे का होते? रचनाकार आळशी असतात, हे उत्तर सोपे आहे, पण खरे नाही. एकट्याने खेळायचा खेळ दहा जणांना आवडला तरी तो जगतो. अनेकांनी खेळायच्या खेळाला पहिल्याच दिवशी माणसे लागतात. नाटकाला पाचच प्रेक्षक आले तरी प्रयोग होऊ शकतो; कबड्डीला पाचच गडी आले तर सामना होत नाही. म्हणून नवा नियम शिकवत बसण्यापेक्षा लोकांना आधीच ठाऊक असलेला नियम घेणे सुरक्षित वाटते. शिवाय सूत्र तयार असते, तक्ते तयार असतात. चित्रे बदलली की खेळ 'नवा'.

दुसरे कारण विस्मरणाचे आहे. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशला अडोबीचा आधार संपला. त्याच दिवशी 'फार्मव्हिल'ही बंद झाला. 'फ्लॅशपॉइंट' नावाच्या स्वयंसेवी उपक्रमाने लाखाहून अधिक जुने खेळ जपून ठेवले आहेत, ही मोठीच कामगिरी. पण सामूहिक खेळ असा जपता येत नाही. त्याचा अर्धा भाग सर्व्हरवर असतो आणि उरलेला खेळणाऱ्या माणसांत. जुन्या कादंबऱ्याच वाचायला मिळाल्या नाहीत तर नवा लेखक समोर दिसेल तेच गिरवणार. माझ्या भाच्याने तेच केले होते.

अपवाद आहेत आणि ते नोंदवले पाहिजेत. अमेरिकेतला 'किंगडम ऑफ लोदिंग' २००३ पासून दिवसाला चाळीस चालींचाच नियम पाळतो. पण त्याची जान लेखनात आणि विनोदात आहे, माणसे आणखी चाळीस ओळी वाचायला येतात. 'लीचेस' हे फ्रान्सच्या तिबो द्युप्लेसी यांनी २०१० मध्ये सुरू केलेले बुद्धिबळाचे ठिकाण जाहिरातींशिवाय चालते, आणि तिथे एका चालीला काही दिवस घेण्याची सोय आहे. पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळणाऱ्यांची ती परंपरा. आणि १ एप्रिल २०१७ रोजी रेडिटने एक कोरा पट मांडला होता : हजार गुणिले हजार ठिपक्यांचा. एका माणसाने एक ठिपका रंगवायचा आणि मग काही मिनिटे थांबायचे. बहात्तर तासांत दहा लाखांहून अधिक लोक त्यात उतरले. एकट्याने काहीच रेखाटता येत नसल्यामुळे लोकांनी गट केले, सीमा ठरवल्या, तह केले, एकमेकांची चित्रे राखली.

इथेही प्रतीक्षा आहेच. पण ती विकत घेऊन टाळता येत नव्हती आणि तिच्यामुळे माणूस दुसऱ्याकडे वळत होता. प्रतीक्षा वाईट नाही. ती खेळाडूला कोणाकडे पाठवते, हा प्रश्न आहे. माझ्या खेळातली प्रतीक्षा मला गजराकडे पाठवत होती.

आपल्याकडचे नियम

नियम बदलला की माणसांतले नाते बदलते, हे आपल्या पचिसीवरून चांगले कळते. पचिसीत चौघे, पण दोन जोड्या. भिडू समोरासमोर बसतात. आपल्या सोंगट्या घरी पोचल्या तरी डाव जिंकत नाही, भिडूच्याही पोचाव्या लागतात. १८९६ मध्ये इंग्लंडात तिच्यावरून 'लुडो'चे पेटंट घेतले गेले. कवड्यांच्या जागी फासा आला आणि जोडी गेली. प्रत्येक जण आपापला. पट जवळजवळ तोच, खेळ मात्र वेगळा. आज आपली मुले फोनवर खेळतात ती लुडो.

अंगणातल्या खेळांतही अशी शहाणपणाची कलमे होती. धाकटे भावंड 'लिंबूटिंबू' असायचे; ते बाद झाले तरी त्याच्यावर राज्य येत नसे. चप्पल तुटली, आईने हाक मारली, की 'टाइमप्लीज' म्हणायचे आणि सारा खेळ थांबायचा. ब्राउझरमधल्या खेळांनी यांतले थोडे घेतले आहे. 'ट्रॅव्हियन'मध्ये नवख्याला सुरुवातीचे काही दिवस संरक्षण असते, 'ओगेम'मध्ये सुट्टी घेता येते, पण निदान दोन दिवसांची. अंगणातल्या टाइमप्लीजला मुदत नसे आणि ती सर्व्हर देत नसे. समोरचे गडी देत. आपला गडी संकटात आहे हे त्यांना दिसत असे. गैरहजर माणसाशी लढण्याच्या रचनेत नेमके हेच दिसत नाही.

भाच्याला मी हे सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "मामा, हे पटलं. पण मग लिहू काय?" मी त्याला धुळे-नाशिक भागातल्या फड पद्धतीबद्दल सांगितले. पांझरा, मोसम अशा नद्यांवर बंधारे घालून गावाने मिळून पाणी वाटायची ही जुनी व्यवस्था. लाभाची जमीन फडांत विभागलेली, एका फडात एकच पीक, आणि पाणी पाळीपाळीने. पाटकरी पाणी देणार, जागल्या राखण करणार. तिथेही शेतकरी वाट पाहतो. पण तो पाहतो ती शेजाऱ्याच्या पाळीची, आणि शेजारीही त्याच्या पाळीवर अवलंबून असतो.

महिनाभराने त्याने एक कच्चा नमुना पाठवला. घरातल्या आणि शेजारच्या मिळून पाच जणांनी आम्ही तो आठवडाभर खेळलो. एक बंधारा, पाच शेते, रोज एकदा पाण्याची वाटणी. दोष पुष्कळ होते. दुसऱ्या दिवशी कंटाळा आला. एकाने पहिल्याच पाळीला जास्त पाणी ओढले आणि त्याला शिक्षा करायची सोय नव्हती, म्हणून भांडण झाले. भाच्याने ते सगळे वहीत टिपले.

पाचव्या दिवशी शेजारच्या काकू आल्याच नाहीत. त्यांच्या पाळीशिवाय पाणी पुढे जाईना. संध्याकाळी चौघांपैकी दोघांनी त्यांना फोन केला. त्यांच्या नातवाला ताप होता. भाच्याने त्या रात्री एक नवे कलम घातले : बाकीच्यांनी मान्य केले तर कोणाचीही पाळी राखून ठेवता येईल, आणि त्याच्या शेताला पाणी ज्याला जमेल त्याने द्यायचे. कलमाचे नाव त्याने 'टाइमप्लीज' ठेवले आहे.

खेळ अजून पुरा झालेला नाही. तो चालेल की नाही, सर्व्हरचा खर्च कोण देणार, हे आम्हा दोघांनाही माहीत नाही. नव्या वहीच्या पहिल्या पानावर या वेळी लाकूड, माती, लोखंड नाही. पाच माणसांची नावे आहेत आणि कोण कोणाच्या वरच्या अंगाला आहे, ते लिहिले आहे.